वहिनीचं अर्धं राहिलेलं पुस्तक

वाचनाचे फायदे या विषयावर मी आजवर पाच-सहा शाळांमधून बोललो आहे. हा माणूस फार वाचतो असं महाड-पोलादपूरकडच्या हेडमास्तरांना कुणीतरी सांगून ठेवलंय. वाचनाचा काही कार्यक्रम निघाला की फोन मला येतो. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून मी जातो. शाल घेतो, नारळ घेतो, पुस्तकं माणसाला कशी सोबत करतात ते मुलांना सांगतो आणि परतीच्या एसटीत स्वतःवर चरफडत बसतो. मुलांना जे सांगतो ते खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते खरं आहे, पण मला ते पुस्तकांनी शिकवलेलं नाही. माझ्या वहिनीने शिकवलं, आणि शिकवताना जे नुकसान झालं ते तिचं झालं, माझ्यामुळे.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आमची वाडी पोलादपूरच्या वर. महाबळेश्वरच्या एसटीने निघायचं, आंबेनळी घाट चढायच्या आधी फाट्यावर उतरायचं आणि तासभर डोंगर चढायचा. पंधरा-सोळा घरं, म्हशी, शेळ्या, उतारावर नाचणी आणि वरी, ओढ्याच्या अंगाला थोडं भात. घरी आई, वडील आणि वहिनी. दादा मुंबईला. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकलच्या कारखान्यात स्टोअरचा क्लार्क होतो आणि बिरवाडीत तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो. दोन आठवड्यांतून एकदा सुट्टी धरून घरी जायचो.

वहिनी माझ्यापेक्षा वर्षाने लहान. तिच्या माहेरच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून तीही चौथीपर्यंत. लग्नानंतर दादा पहिली चार वर्षं गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मग नुसता गणपतीला. मग दोन वर्षं तेवढाही आला नाही. मनीऑर्डर यायची, तीही कधीमधी. घरात यावर कुणी बोलायचं नाही. आई म्हणायची, "काम हाय त्याला," आणि विषय तिथेच संपायचा.

तिच्या हातात पहिलं पुस्तक पडलं ते माझ्या पिशवीतून. महाडला बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक खाजगी वाचनालय होतं. आता नाही. मी तिथला सभासद. धुवायचे कपडे आईकडे द्यायला पिशवी उपडी केली तर कपड्यांबरोबर कादंबरीही पडली. वहिनीने ती उचलून आधी कपाळाला लावली.

"ही पोथी कसली, भावजी?"

"पोथी नाही. गोष्ट आहे. कादंबरी."

"मंग ती कधी वाचायची असते?"

मी हसलो होतो. पण तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या वाडीत वाचणं म्हणजे श्रावणातली पोथी. आंघोळ करून वडील पाटावर बसायचे, दिवसाला नेमून दिलेले अध्याय वाचायचे, मधे उठायचं नाही, महिनाअखेर समाप्ती, मग प्रसाद. याखेरीज कुणी काही वाचताना तिने पाहिलंच नव्हतं. मी वाचायचो ते शाळेत असताना, अभ्यासाचं. तेव्हा तिने पोथीचे सगळे नियम कादंबरीला लावले. सकाळी आंघोळीनंतर एक अध्याय. प्रकरणाला ती अध्यायच म्हणायची. एक म्हणजे एकच. पुढचं पान बघायचं नाही. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही. आणि एकदा हातात धरलं की शेवटापर्यंत न्यायचंच.

"अगं, ही गंमत म्हणून वाचायची असतात," मी चिडून सांगायचो. "झोपून वाच, चार-चार प्रकरणं एकदम वाच, नाही आवडलं तर दे सोडून."

"मधेच सोडलं तर त्यातली मानसं तशीच ऱ्हायची ना उभी," ती म्हणायची.

मी हात टेकले.

तिचं वाचन मात्र बघण्यासारखं होतं. ओठ हलायचे, बोट ओळीखालून चालायचं. कधी बोट मधेच थांबायचं आणि ती समोर म्हशींकडे बघत बसायची. मग दिवसभर तो एक अध्याय तिच्या डोक्यात असायचा. लाकडाला जाताना, पाण्याला जाताना ती तो बायकांना सांगायची. बायका त्यातल्या माणसांवर घरच्यासारख्या चिडायच्या. "त्या सासऱ्याला कळत नाय का गो?" असं कुणी रस्त्यात वहिनीला विचारलं तर आधी मला वाटायचं खरंच कुणाच्या तरी घरात भांडण झालंय. एक म्हातारी तर फाट्यापर्यंत माझ्याबरोबर उतरत आली, त्या गोष्टीतल्या मुलीचं लग्न मोडू नको म्हणून सांगायला. जणू मीच ते ठरवत होतो.

घरात मात्र कटकट. वडिलांचं म्हणणं, पोथी वाचली तर पुण्य तरी लागतं, याने काय मिळतं? आई विचारायची, "वाचून म्हशीचं दूध वाढतं का रे?" शेजारचे थट्टा करायचे, काय गो, मास्तरीण होनार काय, परीक्षा कंची हाय? माझं डोकं फिरायचं. मी ओट्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकवायचो की वाचनाने माणूस शहाणा होतो, जग कळतं, तुम्ही सगळे अडाणी आहात. वहिनी आतून हळूच म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, भावजी."

आता इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी स्वतः वाचणं केव्हाच सोडलं होतं. शाळेत असताना वाण्याच्या पुडीचा कागदही सोडत नव्हतो, हे खरं. पण कारखान्यात लागल्यावर डोळे मिटायचे. पुस्तक आणायचो, उशाशी ठेवायचो, पहिली दहा पानं वाचायचो आणि मुदत संपली की परत करायचो. सभासदत्व मात्र सोडलं नाही. खोलीतले तिघे मला 'साहित्यिक' म्हणायचे, ते मला आवडायचं. वाडीत मी वाचणारा माणूस होतो. वहिनीला तर वाटायचं की मी जे पुस्तक तिला आणून देतो ते आधी स्वतः वाचून, चाखून देतो. मी तिचा हा समज कधी मोडला नाही.

वाचनालय चालवणारे गृहस्थ तिरसट होते. पुस्तक परत घेताना प्रत्येक पान अंगठ्याने सोडून बघायचे, कुठे हळदीचा डाग, कुठे दुमडलेला कोपरा. वहिनीने वाचलेली पुस्तकं गेली होती त्याहून स्वच्छ परत यायची. मी पुस्तकाची मुदत वाढवून मागितली तर ते मान हलवायचे आणि तारीख घालायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, पण पुस्तक कोण वाचतंय हे त्यांना कळत असावं.

तर त्या वर्षी शिमगा झाल्यावर मी तिला एक कादंबरी नेऊन दिली. जाड होती, एवढंच बघून उचललेली. एक बाई, तिचा नवरा कामाला म्हणून दूर शहरात जातो आणि त्याची खबर येईनाशी होते. ती त्याच्या वाटणीचं शेत एकटी कसत राहते. हे मला वहिनीकडून कळलं, तिने बायकांना सांगताना. मला त्यातलं फक्त पहिलं पान माहीत होतं. मी थोडं डोकं चालवलं असतं तर असलं पुस्तक या घरात नेलं नसतं. किंवा कदाचित मुद्दाम नेलं असतं. काहीच न बघता नेलं, हा माझा खाक्या.

हे पुस्तक तिने इतर पुस्तकांसारखं वाचलं नाही. नेम तोच, दिवसाला एक. पण कित्येक दिवस ती आदल्या दिवशीचाच अध्याय पुन्हा वाचायची, पुढे जायचीच नाही. मी तीनदा मुदत वाढवून घेतली. बायकांना सांगतानाही ती काही काही गाळते आहे असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाली, "सगळं सांगायचं नसतंय."

आणि मग जून उजाडला. महाडला सावित्रीचं पाणी बाजारात शिरतं. दुकानदार पावसाच्या तोंडावर खालचा माल माळ्यावर चढवतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. वाचनालयाचाही तोच रिवाज. वटपौर्णिमेच्या आत सगळी पुस्तकं परत मागवायची, प्लास्टिकमध्ये गठ्ठे बांधून माळ्यावर टाकायची आणि दसरा झाल्यावर खाली काढायची. चार महिने कुलूप. दरवर्षी माझा यावरून संताप व्हायचा. जेव्हा माणूस घरात अडकतो, डोंगरावरून खाली उतरता येत नाही, तेव्हाच नेमकं पुस्तक मिळणार नाही. मी त्यांना हे बोलूनही दाखवलं.

"पुस्तकांना पोहता येत नाही," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत आणा. नाही आणलंत तर नाव कमी करीन."

मी तिरीमिरीत घरी गेलो. वहिनी अठराव्या अध्यायावर होती. एकूण बावीस.

"आज वाचून टाक," मी म्हणालो. "चार तर राहिलेत. दुपारपर्यंत होतील."

"दिवसाला एकच."

"अगं, पुस्तक आहे ते. देव नाही."

"मंग चार दिस थांबा."

"मला उद्या ड्यूटी आहे. चारची एसटी आहे."

आम्ही खूप भांडलो. मी तिला अडाणी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली की पुस्तक अर्धं जाऊ द्यायचं नाही, तसं गेलं तर चार महिने तिला चैन पडणार नाही. आई आतून ओरडली की देऊन टाक गो, काय लहान पोरासारखं. शेवटी वहिनीनेच तोड काढली. वडील एका श्रावणात आजारी पडले तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका जाणत्या माणसाने उरलेली पोथी तोंडी सांगून पुरी केली होती. ज्याने वाचली आहे त्याने सांगितली तर चालतं.

"तुमी वाचलंय ना," ती म्हणाली. "मंग तुमीच शेवट सांगा. सांगून पुरं करू."

ती उठली, पाय धुऊन आली आणि पदर सावरून समोर बसली. पुस्तक पाटावर ठेवलं.

मी त्या वेळी तोंड उघडून सांगायला हवं होतं की बाई, मी हे वाचलेलं नाही. एका वाक्याचं काम होतं. पण आई दारात येऊन उभी होती, मघाशी मी हिला अडाणी म्हणालो होतो, आणि घड्याळात अडीच वाजले होते. मी सांगायला लागलो.

"येतो तो," मी म्हणालो. "नवरा. पावसाच्या दिवसांत येतो. ती शेतात लावणी करत असते."

"तिला वळखतो?"

"ओळखतो म्हणजे काय! बांधावर ट्रंक ठेवतो आणि सरळ चिखलात उतरतो."

"काय बोलतो?"

"काही नाही बोलत. तिच्या शेजारी उभा राहून लावणी करायला लागतो."

वहिनीने पुस्तकाला नमस्कार केला, आत गेली आणि गुळाचा खडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. समाप्तीचा प्रसाद. मी तो खाल्ला. चारची एसटी मला मिळाली आणि पुस्तक मुदतीत परत गेलं.

तो पावसाळा वाडीतल्या बायकांनी माझ्या शेवटावर काढला. पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात लावणी करताना वहिनीने त्यांना तो सांगितला. मी ऑगस्टमध्ये घरी गेलो तर एकजण म्हणाली, "काय ग्वाड शेवट हाय रे, मला तर रडूच आलं." मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं. गणपती आले. दादा येईल असं घरात कुणी बोललं नव्हतं, पण वहिनीने त्याचं पांघरूण धुऊन चुलीवरच्या दोरीवर सुकवायला टाकलेलं मी पाहिलं. तो आला नाही. पाचव्या दिवशी गणपती ओढ्यात गेले आणि पांघरूण घडी होऊन फडताळात गेलं.

दसऱ्यानंतर वाचनालय उघडलं. वहिनीने मला बजावून ठेवलं होतं की तेच पुस्तक आणा. सांगून झालं तरी चार अध्याय स्वतःच्या तोंडाने वाचायचे राहिलेत. मी टाळाटाळ केली. एकदा दुसरंच पुस्तक नेलं. एकदा सांगितलं की ते कुणीतरी नेलंय. तिसऱ्या वेळी वाचनालयातल्या गृहस्थांनी स्वतः ते काढून माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे अर्धं राहिलेलं ना? मी वरच्या गठ्ठ्यात सुकं ठेवलं होतं," ते म्हणाले.

महाड ते फाटा दीड तास. पुस्तक मांडीवर होतं. चार अध्याय मला सहज वाचता आले असते. निदान शेवटची पाच पानं. म्हणजे तिला आधीच काहीतरी सांगून टाकता आलं असतं. मी पोलादपूरपर्यंत झोपलो आणि पुढे खिडकीतून बाहेर बघत बसलो. घरी गेल्यावर पुस्तक तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी बिरवाडीला निघून आलो.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा नाचणी काढून झाली होती. वहिनी खळ्यावर कणसं बडवत होती. मला बघून तिने काठी बाजूला ठेवली आणि खळ्याच्या कडेला बसली. मीही बसलो. पळून जायला जागा नव्हती.

"भावजी, त्यो येत नाय," ती म्हणाली.

मी पायाजवळचं एक कणीस उचलून हातात घेतलं.

"ती त्याला बघायला शहरात जाते. घर सापडतंय. बाहेर दोरीवर त्याचा सदरा वाळत असतो आनि बाजूला एक बारका फ्रॉक. ती दार वाजवत नाय. तशीच माघारी फिरते. येताना बाजारातून बियाणं घेते आनि घरी येते. झालं. तितंच संपतंय."

तिचा आवाज रडवेला नव्हता. उलट इतकं सरळ, न अडखळता बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मला राग आला नाय," ती म्हणाली. "आधी आला. मंग वाटलं, माझी कीव आली म्हनून तुमी खोटं सांगितलंत. आठ दिस मी तुमाला मनात चांगलंच म्हनतेय. पन भावजी, ते माझं रोजचंच हाय. या घरात कोन बोलत नाय. सासूबाय बोलत नाय, मामंजी बोलत नाय, तुमी पन बोलत नाय. मला वाटायचं मीच काय तरी वंगाळ इचार करते. त्या पुस्तकातल्या बायला पन तसंच वाटतंय. वाचून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? वाडीतल्या बायकांना नाय सांगता येत. त्यांना तुमचाच शेवट बरा वाटतो."

खळ्यावर एक कोंबडी दाणे टिपायला आली. तिने हाताने ती हाकलली.

"तुमी शिकलेलं. तुमी वाचलंय. म्हनून तुमची वाट बघत व्हते," ती म्हणाली. "ती दारातनं माघारी फिरते ना, ते वाचलंत तवा तुमाला काय वाटलं?"

आता तरी. आता तरी मी खरं बोलायला हवं होतं.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

"काय चांगलं लिवलंय?"

"सगळंच. शेवट वगैरे."

ती थांबली. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबली. तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत कमी कमी होत गेली. मी नाचणीच्या ढिगाकडे बघत राहिलो.

"तुमी वाचलंच नाय," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

मी होय म्हणून मान हलवली. तिने पदराने हातावरचा कोंडा पुसला, काठी उचलली, पण बडवायला सुरुवात केली नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग आता मी कुनाशी बोलू, भावजी?"